फिट कुणी पाहिली?

सकाळी ८

खोली उघडल्यावर आधी एसी सुरू करते, मग ई.ई.जी.चं मशीन. पेशंटच्या कपाळाला घाम आला की पडद्यावरच्या रेषा संथपणे वर-खाली वाहू लागतात आणि मेंदूच्या खऱ्या संथ लहरी त्यांत हरवतात. नागपूरच्या एप्रिलमध्ये हे सांभाळावंच लागतं. ईसीजी मिलिव्होल्टमध्ये मोजतात. मेंदूचा जो विद्युतसंकेत कवटी ओलांडून कातडीपर्यंत पोचतो, तो साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा असतो. इतक्या बारीक संकेतात पापणीची उघडझाप, जबड्याची हालचाल, मानेखाली दबलेली वायर, भिंतीतल्या विजेचे ५० हर्ट्झ, सगळंच येऊन मिसळतं. म्हणून मोबाइल, चार्जर खोलीबाहेर. कॅलिब्रेशन करून सगळ्या रेषा सारख्या उठतात का पाहते, सोनेरी वाट्यांचे इलेक्ट्रोड पुसून ठेवते आणि मावशींना पहिल्या पेशंटला बोलवायला सांगते.

८.३०

गडचिरोली जिल्ह्यातला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. सोबत थोरला भाऊ. रात्री जागून या, असं सांगितलं होतं. अर्धवट झोपेनंतर दिवसा डोळा लागतो आणि अपस्माराच्या खुणा झोपेतच जास्त उमटतात, म्हणून. जागरण त्यानं नीट केलं आहे, पण रक्ततपासणीसारखं समजून उपाशीपोटी आला आहे. उपाशी माणसाची साखर उतरली की लहरीही बदलतात. भावाला म्हटलं, आधी समोरून तर्री पोहे खाऊ घाला याला.

खाऊन आल्यावर त्याचा प्रश्न येतोच. तो जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो.

"करंट लागते का जी मॅडम?"

"नाही दादा. आम्ही काहीच देत नाही. तुमच्या मेंदूत जे चाललंय ते फक्त टिपतो."

मग टेप. नाकाच्या मुळाच्या खळग्यापासून मागच्या कवटीच्या उंचवट्यापर्यंत ३६ सेंटीमीटर. दहा टक्के म्हणजे ३.६, वीस टक्के म्हणजे ७.२. कानापासून कानापर्यंत पुन्हा तसंच. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही १०-२० पद्धत आजही जगभर चालते, त्यामुळे गडचिरोलीच्या मुलाचा आलेख कुठल्याही देशातला डॉक्टर वाचू शकतो. डाव्या बाजूला विषम आकडे, उजवीकडे सम. खूण करायची, केस बाजूला सारायचे, जेलने कातडी हलकेच घासायची, पेस्ट, वाटी. एकवीस वेळा. अंदाजानं लावलेल्या इलेक्ट्रोडनं डावं-उजवं कमीजास्त दिसलं तर वाचणारा त्याला आजार समजू शकतो. या मोजमापात घाई केलेली मला अजिबात खपत नाही.

हात चालू असताना भावाला विचारते, "फिट कुणी पाहिली?"

"मीच. आधी उजवा हात उडते त्याचा. मग तोंड उजवीकडं वाकडं. मग सगळं अंग."

हे शब्द मी जसेच्या तसे फॉर्मवर लिहिते. आधी उजवा हात, याचा अर्थ सुरुवात मेंदूच्या डाव्या बाजूला. तासाभरात मुलगा गाढ झोपला आणि डावीकडे, सी-३ या इलेक्ट्रोडच्या आसपास, टोकदार स्पाइक उमटू लागले. भावाचं सांगणं आणि पडदा एकमेकांशी जुळले. आता पुढचं पाऊल एमआरआय. आपल्याकडे तरुण वयात अशा फिटमागे फीतकृमीच्या अळीची गाठ वरचेवर सापडते.

मुलाचा समोरचा दात तुटलेला आहे. फिट आली तेव्हा गावातल्या कुणी तोंडात चमचा घातला होता. मी दोघांना बसवून सांगते: तोंडात काही घालायचं नाही. कांदा, चप्पल हुंगवायची नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटं होऊनही थांबली नाही तर दवाखाना. आणि कुणी एकानं मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असा. डोळे उघडे की मिटलेले, एवढ्या एका गोष्टीनंही डॉक्टरांचं निदान बदलू शकतं.

१०

सात वर्षांची मुलगी. शाळेतून चिठ्ठी आली आहे: वर्गात लक्ष देत नाही, मधेच हरवते. आईच्या आवाजात अपराधीपणा आहे. घरी मारही बसला आहे लेकीला, हे ती न विचारता सांगते.

लहान मुलांसाठी माझ्या खणात कागदाची भिरभिरी असतात. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्या-सोडा म्हटलं तर मूल कंटाळतं, भिरभिरं फिरवायला आनंदानं तयार होतं. जोराच्या श्वासोच्छ्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि औषध सुरू नसलेल्या, असा टक लावण्याचा अपस्मार असलेल्या बहुतेक मुलांमध्ये त्यानंच झटका उमटतो. मी मोठ्यानं मोजत असते. दुसऱ्या मिनिटात भिरभिरं थांबलं. तिचे डोळे समोर स्थिर, पापण्या किंचित फडफडतात. पडद्यावर त्याच क्षणी सगळ्या रेषा एकदम उसळल्या: एक टोक, एक लहर, एक टोक, एक लहर, सेकंदाला तीन, डावीकडे-उजवीकडे एकाच वेळी.

मी तिच्या कानाशी म्हणते, "संत्रं."

अकरा सेकंदांनी रेषा शांत झाल्या आणि भिरभिरं पुन्हा फिरू लागलं. तिला विचारलं, मी आत्ता कुठलं फळ म्हटलं? ती म्हणाली, तुम्ही कुठं काय म्हटलं? मी रेकॉर्डवर त्या जागी टिपण घालते: शब्द दिला, आठवला नाही. हे टिपण लहरींइतकंच मोलाचं आहे. ते अकरा सेकंद ती मुलगी तिथे नव्हती, हे त्यानं सिद्ध होतं. १९३५ साली बोस्टनमध्ये फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी हीच सेकंदाला तीनची लहर नोंदवली, आणि टक लावून बसणारं मूल आणि त्याच्या मेंदूत चाललेला झटका यांचा संबंध जगासमोर आला. तरी आजही अशी मुलं वर्गात उभी केली जातात.

निदान सांगणं माझं काम नाही, ते आलेख वाचणारे डॉक्टर, आमचे सर, सांगतील. पण आईला मी पडद्याजवळ बोलावलं आणि तो भाग दाखवून एवढंच म्हटलं, "हे ती मुद्दाम करत नाही, ताई." ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. लेकीनं भिरभिरं घरी नेलं.

११.३०

चंद्रपूरचा पंधरा वर्षांचा मुलगा. फॉर्मवर माझा ठरलेला प्रश्न: घरात कुणाला सिकल आहे का? विदर्भात हा प्रश्न विसरून चालत नाही. त्याला स्वतःलाच सिकलसेलचा आजार आहे. मग जोराचा श्वास त्याच्याकडून करून घ्यायचाच नाही. त्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सिकलसेलच्या पेशंटला पक्षाघाताचा धोका असतो. त्याची तपासणी झोपेवरच केली.

१२.१५

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, सोबत वडील. सकाळी उठल्यावर हात झटकन उडतात, कप सुटतो. परीक्षेच्या जागरणानंतर एकदा मोठी फिट आली. कुणीतरी एक गोळी दिली आणि झटके वाढले.

डोळ्यांसमोरचा दिवा लुकलुकवताना, सेकंदाला पंधराच्या वेगावर, दोन्ही बाजूंनी स्पाइकचे झुबके आले. मी दिवा ताबडतोब बंद केला. तिथे हट्ट धरला तर पेशंटला फिट येते. मेंदूच्या एका ठिकाणाहून सुरू होणारा अपस्मार आणि दोन्ही बाजूंनी एकदम उसळणारा अपस्मार यांची औषधं वेगळी असतात. कार्बामाझेपीन पहिल्या प्रकारात उत्तम, पण अशा सकाळच्या झटक्यांत ती त्रास वाढवू शकते. गोळीची निवड बदलते ती आलेखातल्या या फरकामुळे. आणि मुलगी तरुण असल्यामुळे व्हॅल्प्रोएटचा विचारही जपून करावा लागतो, कारण पुढे गर्भाला त्याचा धोका असतो.

वडील मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "मॅडम, रिपोर्टवर मिरगी लिहिलंच पाहिजे का? लग्न व्हायचंय हिचं."

हा प्रश्न ऐकून माझं मन दुखतं. हिंदू विवाह कायद्यात वारंवार अपस्माराचे झटके येणं ही लग्नाच्या आड येणारी अट होती, ती १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकली गेली. कायद्यातला शब्द गेला, घरातली भीती राहिली. मी त्यांना सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाले तर सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. लपवलेला आजार आणि लपूनछपून चुकवलेली गोळी, यांनीच संसार मोडतात. मुलगी हे सगळं दारातून ऐकत होती.

२.००

डबा अर्धा खाल्ला आणि आयसीयूचा फोन. काल रात्री फिटवर फिट येत राहिलेले एक काका. अंगाचे झटके इंजेक्शननं थांबले, पण दुपारपर्यंत जाग नाही. बेडपाशी मशीन लावणं अवघड: व्हेंटिलेटर, सलाइनचे पंप, मॉनिटर, प्रत्येकाची आपापली खरखर. एक पंप दुसऱ्या प्लगवर लावायला सिस्टरांना विनंती केली, मग रेषा स्वच्छ झाल्या.

काकांचा देह निश्चल आणि मेंदूत फिट अखंड चालू. बाहेरून डोळ्यांना हे कधीच दिसलं नसतं. मी रिपोर्टची वाट पाहत नाही, सरळ न्यूरोच्या रेसिडेंटला फोन लावते. औषध वाढवलं तशा लहरी विरळ होत गेल्या. नातेवाइकांना वाटत होतं की काका झोपलेत. आयसीयूचं हे मशीन रात्रभर तिथेच राहील.

३.४५

सरांबरोबर वाचन. आजच्या यादीतल्या दोघांचे आलेख नॉर्मल. मोठ्या चुका इथेच होतात आणि त्या दोन्ही दिशांनी होतात. स्पाइक कातडीवर दिसायला मेंदूच्या पृष्ठभागाचा काही चौरस सेंटीमीटर भाग एकाच वेळी पेटावा लागतो. खोलवरचं, आतल्या घडीतलं आमच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय आम्ही जेमतेम तासभर पाहतो. अपस्मार असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या पहिल्या आलेखात काहीही सापडत नाही. तेव्हा नॉर्मल रिपोर्ट बघून गोळी बंद करणं घातक. उलट, झोपेतल्या साध्या टोकदार लहरींना स्पाइक ठरवून ज्याला कधी फिटच आली नाही, चक्कर येऊन पडला, त्याला वर्षानुवर्षं गोळ्या खायला लावणं हेही तितकंच वाईट. शंका असेल तिथे सर माझा फॉर्म उघडतात, घरच्यांनी काय सांगितलंय ते बघतात. दोघांपैकी एकीला व्हिडिओ ई.ई.जी.साठी भरती व्हायला सांगितलं.

४.३०

यादीत नसलेलं बाळ, सहा महिन्यांचं. बालरोग विभागातून धावत पाठवलेलं. आजी म्हणते दचकतं, पोटात गॅस होतो. आईनं मात्र व्हिडिओ काढलाय: झोपेतून उठल्यावर मान आणि हात पुढे झुकतात, काही सेकंदांनी पुन्हा, पुन्हा, अशी माळच. कितीही उशीर होवो, असं बाळ उद्यावर ढकलायचं नाही असा माझा नियम आहे. आईनं मांडीवर पाजत निजवलं, मी मांडीवरच इलेक्ट्रोड लावले. पडद्यावर उंच, अस्ताव्यस्त लहरी, कुठेच ताळमेळ नाही: हिप्सॅरिदमिया. उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितकी बाळाची वाढ सावरण्याची आशा जास्त. सर खोलीतच आले, रिपोर्ट हातानं लिहिला, बाळ वॉर्डात गेलं. आजीला मी सांगितलं, सुनेनं व्हिडिओ काढला म्हणून दिवस वाचले.

५.४५

वाट्या धुवून वाळत घातल्या. आता उद्याच्या पेशंटना फोन. वर्ध्याचे एक बाबा लाइनवर आहेत.

"केस शाम्पूनं धुवा, तेल लावू नका. रात्री बारा ते चार एवढीच झोप. नाश्ता करून या. रोजची गोळी नेहमीच्या वेळेला घ्यायची, चुकवायची नाही. आणि फिट कुणी पाहिली?"

"आईनं पाहिली जी. पण तिचे गुडघे दुखतात, बसनं येणं होत नाही."

"मग आईंचा नंबर द्या. साडेनऊला मी फोन करते, फोन जवळ ठेवायला सांगा."

नंबर फॉर्मवर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.