लोहकण मेंदूत गेल्यावर

लोह आपल्या शरीराला परके नाही. प्रौढ माणसाच्या अंगात ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि त्यातले बरेचसे रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असते. मग याच लोहाचे अतिसूक्ष्म कण उपचारासाठी मेंदूत गेले, तर काळजी कशाची?

हे कण म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर एवढ्याच आकाराचे हे कण दोन कामांसाठी उपयोगी पडतात. एमआरआय तपासणीत ते मेंदूतली गाठ उठून दाखवतात आणि वेगाने दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात ते तापतात, म्हणून गाठीला उष्णता देता येते.

धोका लोहाच्या स्वभावातच आहे. १८९४ मध्ये हेन्री फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यातली एक अभिक्रिया वर्णन केली. पेशींतही थोडे पेरॉक्साइड सतत तयार होते. मोकळे लोह त्याला भेटले की अत्यंत आक्रमक रेणू निर्माण होतात आणि ते पेशींची आवरणे व डीएनए यांना इजा करतात. म्हणूनच शरीर लोह उघडे ठेवत नाही, फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या डबीत ते बंद करून ठेवते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण तो प्राणवायू वापरतो सुमारे २० टक्के. शिवाय मेलेल्या चेतापेशींची जागा बहुधा भरून निघत नाही. पार्किन्सनच्या रुग्णांत मेंदूच्या ठरावीक भागात लोह वाढलेले आढळते. ते रोगाचे कारण की परिणाम, याचा निकाल अजून लागलेला नाही.

म्हणून 'लोहकण सुरक्षित आहेत का?' हा प्रश्न अपुरा आहे. कणावर वेष्टण कोणते, मात्रा किती, तो कोणत्या वाटेने जातो आणि किती काळ राहतो, हे विचारायला हवे.

दोन उदाहरणे पाहू. फेरुमॉक्सिटॉल या औषधातल्या कणांवर कर्बोदकाचे वेष्टण असते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातील रक्तक्षयासाठी अमेरिकेत त्याला २००९ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढे डॉक्टर ते मेंदूच्या एमआरआयसाठीही वापरू लागले. ते शिरेतून देतात. निरोगी मेंदूभोवतीचा रक्तवाहिन्यांचा अडसर त्याला सहसा आत येऊ देत नाही. गाठीपाशी हा अडसर सैल झालेला असतो. उरलेले कण मुख्यतः यकृत व प्लीहेतल्या पेशी गिळतात आणि त्यातले लोह शरीराच्या साठ्यात जमा होते. तरीही २०१५ मध्ये या औषधावर कडक इशारा छापावा लागला, तो गंभीर ॲलर्जीचा. तेव्हापासून ते पातळ करून, निदान १५ मिनिटे सावकाश द्यावे लागते.

दुसरे उदाहरण जर्मनीतले. बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीचे कण सुईने थेट मेंदूतल्या गाठीत सोडत. २०१० मध्ये युरोपात या उपचाराला मान्यता मिळाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५९ रुग्णांच्या अभ्यासात, गाठ पुन्हा उद्भवल्यानंतरचे मध्यक आयुष्य १३.४ महिने निघाले; मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. हे कण गाठीतच राहतात. त्यामुळे पुढे एमआरआयमध्ये त्या भागाचे चित्र बिघडते, आणि उपचाराआधी दातांतले धातूचे भरावही काढावे लागत. ही कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

२०१६ मध्ये ब्रिटनच्या बार्बरा माहेर व सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या मृतांच्या मेंदूत मॅग्नेटाइटचे गोल कण दाखवले. ते धुरातून आलेले असावेत, असे त्यांचे मत. त्यांनी रोग होतो हे त्यातून सिद्ध झालेले नाही. पण औषधाचा कण मोजून, वेष्टणात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली जातो; हवेतला कण यांपैकी काहीच पाळत नाही.

तेव्हा असा उपचार कोणी सुचवला, तर घाबरू नये आणि भुलूही नये. ॲलर्जीचा पूर्वेतिहास आधी सांगावा आणि दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: हे कण शरीरातून कधी व कसे निघतील? आणि ते राहिले, तर पुढच्या तपासण्यांचे काय?