शेतराखणीची बंदूक : स्वस्त कोणती आणि महाग कोणती?



भात निसवले, मका दाण्यावर आला, भुईमुगाला शेंग धरली, की रानालगतच्या गावांतली माणसे रात्री माळ्यावर काढू लागतात. रानडुकरांचा एक कळप चार महिन्यांचे कष्ट एका रात्रीत लोळवून जातो. म्हणूनच कोकणात, घाटमाथ्यावर आणि इतरत्रही जंगलकाठच्या कित्येक घरांत शेतराखणीच्या परवान्याची बंदूक आजा-पणजापासून चालत आलेली आहे.

आमच्या फिरतीत एक गोष्ट नेहमी दिसते. फवारणीचा पंप घ्यायचा तर आपण दहा दुकाने हिंडतो. हमी किती महिन्यांची, वायसर तालुक्याला मिळतो का, बिघडला तर मिस्त्री कोण, सारे विचारतो. बंदूक घेताना मात्र एकच प्रश्न असतो, "केवढ्याला पडली?" पंप बिघडला तर फवारणी दोन दिवस लांबते. बंदूक बिघडते ती मात्र हातात, डोळ्यापासून वीतभर अंतरावर. तेव्हा हमीची आणि दुरुस्तीची चौकशी आधी बंदुकीची करायला हवी. ती कशी करावी, तेच आज पाहू.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. खऱ्याखुऱ्या पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद या कायद्यातच आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत अशी दुसरी बंदूकही मंजूर होऊ शकते. वय २१ पूर्ण हवे. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षे झाली आहे. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत करायचा असतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकरासारखे जनावर मारायचे तर वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. पिकाचे नुकसान झाले असेल तर भरपाईचा अर्जही वनखात्याकडेच करायचा.

स्वस्त माल तीन प्रकारचा

पहिला प्रकार चोरट्या मालाचा. कुणीतरी कानात सांगतो, "अमक्याकडे गावठी मिळते, निम्म्याहून कमी पैशात." तिची नळी पाण्याच्या पाइपाची असते, की मोटारीच्या एखाद्या दांड्याची, हे सांगणाराही सांगू शकत नाही. बार उडताना नळीत जो दाब उठतो, तो सोसण्याची ताकद तिच्यात आहे का, हे कुणीच तपासलेले नसते. ते तपासले जाते तुमच्या हातात. शिवाय ती नुसती बाळगली तरी तुरुंग आहे. तिची पावती नाही, म्हणून हमी नाही. फुटली तरी तक्रार कुठे करणार?

दुसरा प्रकार जुन्या, वापरलेल्या, पण परवान्यावरच्या बंदुकीचा. यात सोनेही सापडते आणि पितळही.

तिसरा प्रकार परवानाधारक कारखान्याच्या नव्या बंदुकीचा. किंमत जास्त, पण तिच्या पाठीशी कुणीतरी नाव-पत्ता असलेला उभा असतो. कधीकधी त्या नावाखालीही फसवणूक होते. बिहारमधील मुंगेर हे शहर परवानाधारक बंदूक-कारखान्यांसाठी जुने प्रसिद्ध आहे आणि त्याच शहराच्या नावावर चोरटा मालही खपवला जातो. म्हणून गावाचे नाव ऐकून भुलू नका, दुकानदाराचा परवाना पाहा.

नळीवरचे शिक्के वाचा

बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी आपण वाचतो, तशी बंदुकीची नळी वाचायची. बनवणाऱ्याचे नाव आणि अनुक्रमांक त्यावर हवाच. ओळखखूण नसलेली बंदूक विकायला कायद्याने बंदी आहे. नंबर घासलेला दिसला तर ती बंदूक हातातसुद्धा घेऊ नका.

दुसरी खूण तपासणीच्या शिक्क्याची. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून नळी तपासतात आणि टिकली तरच शिक्का मारतात. आपल्याकडे फिरणाऱ्या जुन्या विलायती बंदुकांवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या तपासणीघराचे शिक्के दिसतात. बर्मिंगहॅमचे तपासणीघर १८१३ पासूनचे आहे. पण शिक्का आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, तो कशाचा आहे ते जाणकाराकडून वाचून घ्या. काही जुन्या नळ्या फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या असतात. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, अंगावर नागमोडी नक्षी दिसणाऱ्या नळ्या बहुधा याच काळातल्या. त्यांत आजचे बिनधुराच्या दारूचे काडतूस घालणे म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचे ओझे लादणे.

काडतुसाची लांबीही जुळली पाहिजे. बारा बोअरच्या जुन्या बंदुकांचे घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते, नवी काडतुसे ७० मिलिमीटरची मिळतात. लांब काडतूस आखूड घरात बसते, पण उडताना त्याचे तोंड पुरते उघडत नाही आणि दाब वाढतो. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे आपल्याकडे परिचयाची आहेत. काडतूस कोणतेही असो, खोक्यावरची लांबी नळीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. वीस बोअरचे काडतूस तर बारा बोअरच्या बंदुकीजवळ ठेवूच नका. ते आत घसरून पुढे अडकते, माणसाला घर रिकामे वाटते, तो मागून दुसरे भरतो आणि नळी फुटते.

जुनी बंदूक पारखताना

बंदूक रिकामी असल्याची खात्री आधी स्वतः करा, मग नळी उजेडाकडे धरून आत पाहा. गंजाचे खड्डे, पोचा किंवा फुगवटा दिसला तर सौदा तिथेच सोडा. नळी दस्त्याला जिथे मिळते ती सांध हलवून पाहा. खडखड वाजत असेल तर बिजागरी झिजली आहे. घोडा अर्धा चढवा आणि चाप दाबा. घोडा पडता कामा नये. पडला तर खटका झिजला आहे, आणि अशी बंदूक खांद्यावरून खाली उतरवतानाही उडू शकते. शेवटचा निर्णय मात्र परवानाधारक कारागिराला दाखवूनच घ्या. त्याची मजुरी वाचवण्यात शहाणपण नाही.

हमीपत्र घेताना पाच प्रश्न

नवी बंदूक घेताना दुकानदाराला पाच गोष्टी विचारा आणि उत्तरे पावतीवर लिहून घ्या. १) हमी किती मुदतीची? २) कोणत्या भागांची? नळी, कमान, टोचणी हे तिन्ही त्यात आहेत का? ३) दुरुस्ती दुकानात होणार की कारखान्यात? ४) कारखान्यात असेल तर ने-आण कोण करणार आणि खर्च कुणाचा? बंदूक म्हणजे पंपाची मोटर नव्हे, की एस.टी.च्या पार्सलात टाकून दिली. तिची प्रत्येक हालचाल कायद्याच्या चौकटीत व्हावी लागते. ५) कोणत्या कारणाने हमी रद्द होते?

पाचव्याचे उत्तर बहुधा असे मिळेल, की दुसऱ्याने खोलली तर हमी संपली. कायदाही तेच सांगतो. शस्त्राची दुरुस्ती परवानाधारकानेच करायची. गावचा लोहार कितीही कसबी असला तरी बंदूक त्याच्या भात्याजवळ नेऊ नका. भट्टीत तापवलेल्या कमानीचे पाणी उतरते, नळीही मऊ पडते. बाहेरून काम झकास दिसते आणि दहाव्या बाराला दगा होतो. नळी कापून आखूड करणे हा तर वेगळाच गुन्हा आहे. दुरुस्तीला देताना बंदुकीचा नंबर घातलेली पावती न विसरता घ्या.

ठासणीच्या बंदुकीचा भरवसा आपल्याच हाती

ठासणीची बंदूक उडाली नाही, की आपण बंदुकीला नावे ठेवतो. खरे कारण बहुधा राखणीत असते. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात एका रात्रीत नळी गंजू लागते. म्हणून बार उडवला त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवा, चिंधीने पूर्ण कोरडी करा आणि तेलाचा हात द्या. निपलाचे भोक सुईने मोकळे ठेवा.

गज रिकाम्या नळीत घालून तोंडापाशी एक खूण करा. भरण्यापूर्वी पुन्हा गज घाला. खूण वर राहिली तर आत आधीचा बार आहे. दोनदा भरलेली बंदूक माणसाचे बोट घेऊन जाते. टोपी फुटली पण बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा, कारण दारू उशिराही पेटते. फटाक्याची दारू किंवा काडतुसातली दारू हिच्यात कधीही घालू नका. खुंटीवर महिनोन्‌महिने टांगलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, तेही भरण्याआधी पाहा.

निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम आला, तर देण्यापूर्वी तेल लावून द्या, पोच घ्या आणि परत आल्यावर नळी तपासल्याशिवाय बार भरू नका.

रिव्हॉल्व्हर घ्यावे का?

अलीकडे तरुण मंडळी विचारतात, "साहेब, एखादे लहान पिस्तूल स्वस्तात मिळेल का?" शेतराखणीला त्याचा उपयोग नाही. त्याचा पल्ला थोडका, अंधारात नेम त्याहून अवघड. परवानाही पीकराखणीच्या तरतुदीत बसत नाही, सबळ कारण पटवावे लागते. शिवाय ०.३८ किंवा ९ मिलिमीटरसारखी मापे सामान्य नागरिकाला बंद आहेत, म्हणून आपल्याकडे परवान्यावर बहुधा ०.३२ चे हत्यार दिसते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून काढलेल्या 'निर्भीक' या हलक्या रिव्हॉल्व्हरची किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास होती. आता ताळा करून पाहा. कुणी दहा-वीस हजारांत नवे कोरे पिस्तूल देऊ करत असेल, तर ते काय असणार? तो कट्टाच.

रिव्हॉल्व्हरला नाजूक दुखणीही असतात. प्रत्येक वेळी फिरते चाक नळीच्या बरोबर समोर येऊन थांबले पाहिजे. आतला खटका झिजला, की गोळी नळीच्या काठाला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. हे घरी समजत नाही, जाणकारालाच समजते. असा जाणकार तालुक्याला नसेल, तर त्या वस्तूची हमी कागदावरच राहते.

दाद कुठे मागावी?

पावती, नंबर आणि हमीपत्र हाती असेल तर बंदुकीचा खरेदीदारही ग्राहकच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. ती साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे. सदोष मालामुळे इजा झाली, तर बनवणाऱ्याकडून आणि विकणाऱ्याकडून भरपाई मागण्याची सोयही या कायद्यात आहे. चोरट्या मालाला यातले काहीच लागू होत नाही.

आणि भगिनींनो,

हे शेवटचे बोलणे तुमच्याशी आहे. धनी शेतावरून पहाटे दमून येतो, बंदूक भिंतीला टेकवतो आणि झोपतो. अशा वेळी तुम्ही संकोच करू नका, विचारा, "रिकामी केली का?" घरात आणण्यापूर्वी ती रिकामी झालीच पाहिजे. बंदूक एका कुलपात, काडतुसे व दारू दुसऱ्या कुलपात, आणि दारू चुलीपासून व देवघरातल्या दिव्यापासून लांब. किल्ली पोरांच्या हाताला लागू देऊ नका. कारखान्याची हमी ठरावीक मुदतीची असते आणि ती नळीची, कमानीची असते. घरातल्या लेकरांची हमी कोणताही कारखाना देत नाही, ती आपल्यालाच रोज संध्याकाळी द्यावी लागते.