आधी किडा, मग मासा: पुण्याच्या पाण्यावरचं फ्लाय फिशिंग

गळाला कणकेची गोळी किंवा गांडूळ लावून काठावर तासन्‌तास बसलेली माणसं पुणेकरांना ओळखीची आहेत. फ्लाय फिशिंग हाही गळाचाच प्रकार, पण त्यात खाद्य नसतं. पिसं, दोरा आणि छोटा गळ यांतून बांधलेला एक खोटा किडा, म्हणजेच फ्लाय, असतो. त्याला ना वास, ना चव. मासा तो तोंडात घेतो ते केवळ दिसण्यावरून आणि पाण्यावर तो कसा वाहतो आहे यावरून. म्हणून या छंदात गळ टाकण्याआधी बरंच काही पाहावं लागतं: पाण्यात कोणते किडे आहेत, मासा कुठे उभा आहे, तो काय खातो आहे. मी बागही करतो, आणि वर्षानुवर्षं दोन्ही करताना माझी खात्री झाली आहे की या दोन्ही कामांना एकच सवय लागते, ती म्हणजे नीट पाहण्याची आणि पाहिलेलं लिहून ठेवण्याची. हे सगळं कसं चालतं ते एकेक करून पाहू.

वजन दोरीचं

साध्या गळात शिशाचं किंवा खाद्याचं वजन दोरीला ओढत लांब नेतं. फ्लाय इतकी हलकी असते की ती नुसती फेकली तर पायाशीच पडेल. त्यामुळे इथे वजन दोरीलाच दिलेलं असतं. तिला लाईन म्हणतात. ती जाड असते, तिच्यावर प्लॅस्टिकचं आवरण असतं आणि टोकाकडे ती निमुळती होत जाते. लाईनला नंबर असतात आणि ते वजनावरून ठरतात. ५ नंबरच्या लाईनचे टोकाकडचे ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. पुण्याच्या आसपासच्या ओढ्यांतल्या लहान माशांसाठी ३ ते ५ नंबर पुरतो. महसीरसारख्या दांडग्या माशाला ८ ते १० नंबर लागतो. रॉड बहुधा ९ फुटी असतो.

फेक अशी करायची. आधी लाईन समोर पाण्यावर सरळ करून घ्या, तिच्यात झोल ठेवू नका. रॉड हळू उचलायला लागा, वेग वाढवत न्या आणि डोक्याच्या किंचित मागे गेल्यावर तो एकदम थांबवा. घड्याळाच्या काट्यांत सांगायचं तर १०पासून १पर्यंत. वाकलेला रॉड थांबताच सरळ होतो आणि लाईन वळसा घेत मागे जाते. आता काहीच करायचं नाही. वळसा पूर्ण उलगडून लाईन मागे सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मगच रॉड तशाच वाढत्या वेगाने पुढे आणून थांबवायचा. नवशिक्याचा हात इथेच घाई करतो. वळसा उलगडण्याआधी रॉड पुढे आला की हवेत फटकारा बसतो आणि फ्लाय तुटून जाते. ताकदीचा यात फारसा संबंध नाही. रॉड ठिकाणावर थांबला आणि हात वेळेवर थांबला, की लाईन आपोआप जाते.

हा सराव पाण्यावरच करायला हवा असं नाही. मोकळ्या मैदानात गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून करता येतो. गवतावर करावा, फरशीवर लाईन घासली जाते.

लाईनच्या टोकाला सुमारे ९ फुटांचा नायलॉनचा लीडर असतो. तोही निमुळता होत जातो आणि त्याचा शेवटचा भाग, म्हणजे टिपेट, जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीचा असू शकतो. लाईनमधला जोर लीडरमध्ये हळूहळू ओसरत जातो, त्यामुळे फ्लाय पाण्यावर अलगद उतरते. शिवाय माशाला जाड लाईन फ्लायजवळ दिसत नाही.

मासा काय खातो

मासा काय खातो, हा विचार दख्खनला नवा नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. कोणत्या माशाला कोणतं खाद्य चालतं याचा विचार त्यात केला आहे. फ्लाय फिशिंगची सुरुवात त्याच प्रश्नापासून होते, फक्त इथे उत्तर पाण्यातल्या किड्यांत शोधायचं असतं.

उथळ, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला एखादा दगड उचलून उलटा करा. त्याला चिकटलेले चपटे, बहुधा तीन शेपट्यांचे आणि पोटाच्या बाजूंना कल्ले असलेले किडे दिसले तर ती मेफ्लायची पिल्लं. ती कित्येक महिने पाण्यात राहतात. मग वर येऊन पंख फुटतात, पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकतात आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत त्यांचं आयुष्य संपतं. प्रौढ मेफ्लाय खातच नाही. दगडावर वाळूच्या कणांची बारीक नळकांडी दिसली तर ती कॅडिसच्या अळ्यांची घरं. दगडाखाली हे दोन्ही नसतील आणि गाळात नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील तर पाणी आजारी आहे असं समजावं. या लाल अळ्या डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या कायरोनोमिड माश्यांच्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथे प्राणवायू कमी आहे अशा घाण पाण्यातही त्या तग धरतात. शहरातून जाणाऱ्या मुठेच्या काठी संध्याकाळी दिव्यांभोवती जे थवे जमतात, त्यांत या माश्या भरपूर असतात.

किड्यांचा दुसरा पुरवठा जमिनीवरून होतो, आणि इथे बागेत वावरणाऱ्याला फायदा मिळतो. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी आपल्या दिव्याभोवती जमते, तेव्हा नदीवरही तीच पडत असते आणि मासे तिच्यावर तुटून पडतात. पावसाळा सरता सरता गवतात नाकतोडे वाढतात आणि वाऱ्याने पाण्यात पडतात. मुंग्या तर बारा महिने. बागेत आज काय उडतं आहे हे ज्याला ठाऊक, त्याला डबीतली कोणती फ्लाय काढायची याचा अंदाज घरूनच आलेला असतो.

फ्लाय बांधणं

रोमन लेखक एलियन याने सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात. साहित्य आजही जवळपास तेच आहे. छोट्या शिकंज्यात गळ घट्ट धरायचा. गळाच्या दांड्यावर दोऱ्याचे वेढे घ्यायचे, म्हणजे पुढचं काही सरकत नाही. मागच्या बाजूला पिसाचे दोन-तीन धागे शेपटी म्हणून बांधायचे. लोकर दोऱ्यावर पिळून पातळ अंग करायचं. शेवटी कोंबड्याच्या मानेचं पीस गळाच्या डोळ्याजवळ, म्हणजे दोरी ओवायच्या छिद्राजवळ, गोल गुंडाळायचं. त्याचे ताठ धागे चहूबाजूंनी पसरतात आणि त्यांवर फ्लाय पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगते. गाठ मारून, दोरा कापून, गाठीवर वार्निशचा थेंब दिला की फ्लाय तयार. पाण्याखाली चालवायची फ्लाय असेल तर ताठ पीस वगळून अंगाखाली तांब्याची बारीक तार गुंडाळतात. हुबेहूब किडा बनवण्याची गरज नसते. आकार, रंगाची गडद-फिकी छटा आणि तरंगण्याची उंची बरोबर असली की पुरे.

पाणी ओळखणं

माशाला तीन गोष्टी हव्या असतात: खाद्य, प्राणवायू आणि आडोसा. दगडांवरून खळखळत येणारं पाणी हवा मिसळून घेतं आणि किडेही वाहून आणतं, पण त्या धारेत सतत उभं राहायला फार शक्ती लागते. म्हणून मासा धारेच्या कडेला, दगडामागच्या संथ पाण्यात थांबतो आणि समोरून आलेला घास पुढे होऊन टिपतो. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागतं, ती रेघ शोधायची. फ्लाय त्या रेघेच्या वरच्या अंगाला टाकून पाण्याबरोबर सहज वाहू द्यायची. लाईन ओढली जाऊन फ्लाय तिरकी घसटली तर मासा ती ओळखतो.

पाण्यात मुरणारा प्राणवायू तापमानावर ठरतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मुरू शकतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उन्हाळ्यात मासे खळखळाटाजवळ सरकतात ते यासाठी. त्या दिवसांत दमलेला मासा सोडूनही वाचेलच असं नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये मी दुपारी गळ टाकत नाही.

मासा वर कसा पाहतो हेही समजून घ्यावं. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तो १ मीटर खोल असेल तर ती खिडकी सुमारे सव्वादोन मीटर रुंद असते. काठावरचा उभा माणूस तिच्या कडेला दिसतो, वाकून चालणारा बहुधा दिसत नाही. अंगावरच्या संवेदी रेषेमुळे पावलांचे हादरेही माशाला कळतात. म्हणून हळू चालायचं, वाकून जायचं आणि खालच्या अंगाने माशाच्या मागून यायचं.

मासा हातात आल्यावर

पकडून सोडायचं असेल तर गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकावा. हात ओले करूनच माशाला धरावं, कारण कोरड्या हाताने अंगावरचा संरक्षक चिकट थर निघून जातो. शक्यतो पाण्यातच गळ काढावा. पावसाळा हा विणीचा काळ, तेव्हा गळ घरी ठेवावा. मरळीची जोडी आपल्या पिल्लांच्या थव्याची राखण करते. अशा मरळीला धरलं तर मागची पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. अनेक जलाशयांत मासेमारीचा हक्क स्थानिक सहकारी संस्थांकडे असतो आणि पिण्याच्या पाण्याच्या धरणांवर निर्बंध असतात. म्हणून नव्या पाण्यावर गेलं की आधी गावात विचारावं.

पुण्याचा महसीर, कावेरीतला धडा

दख्खनच्या महसीरला शास्त्रीय नाव मिळालं ते पुण्याच्या पाण्यामुळे. कर्नल साईक्स यांनी १८३९मध्ये त्याचं वर्णन केलं, ते पुण्याच्या पूर्वेला ८ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. पुढे धरणं, प्रदूषण आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी यांनी तो ठिकठिकाणी घटला. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात त्याचं बीज तयार करायला सुरुवात केली. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाच्या विणीचा अभ्यास केला होता. पिकलेल्या मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, नराचं वीर्य त्यात मिसळायचं, ती वाहत्या पाण्यातल्या तबकांत ठेवायची, तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात, मग त्यांना बोटुकलीच्या आकाराचं होईपर्यंत जपायचं, अशी ती पद्धत.

ही बोटुकली दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली, कावेरीतही. पण कावेरीचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला आणि जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६मध्ये कावेरीच्या खोऱ्यात १२० पौंडांचा मासा गळाला लागला होता. बाहेरून आलेला निळसर परांचा दख्खनी महसीर तिथे वाढत गेला आणि मूळचा घटत गेला. २०१८मध्ये त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. हा बदल दिसला कसा? कावेरीकाठच्या गॅलिबोर इथल्या मासेमारीच्या छावणीत मासे पकडून सोडणाऱ्या गळकरांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदींवरून.

एका पाण्याचा मासा दुसऱ्या पाण्यात नेताना हेतू चांगला असला तरी तेवढं पुरत नाही. बागवानाने तर हे विसरूच नये. मुळा-मुठेवर आणि पाषाण तलावावर पसरणारी जलपर्णी देशात शोभेची वनस्पती म्हणून आली. टेकड्यांवरची घाणेरीही बागेतूनच सुटली. घरच्या टाकीतला नकोसा मासा ओढ्यात सोडणं हीदेखील तीच चूक आहे.

बाग आणि वही

जास्वंदीवर मावा दिसला की फवारणीची बाटली उचलावीशी वाटते. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं मासे आणि पाण्यातले किडे यांना अत्यंत विषारी असतात. आपल्या कुंडीतून ओघळलेलं पाणी गटारातून आंबिल ओढ्यासारख्या एखाद्या ओढ्यात आणि पुढे मुठेत जाऊ शकतं. मावा साबणाच्या पातळ पाण्याने धुता येतो, आणि फवारलं नाही तर ढालकिडे येऊन तो खातात. नदीसाठी घरबसल्या करता येण्याजोगं हे सर्वांत सोपं काम आहे.

दुसरं काम वहीचं. तारीख, वेळ, जागा, पाणी गढूळ की नितळ, त्याचं तापमान, दगडाखाली कोणते किडे होते, मासा कोणता आणि किती लांब, एवढं प्रत्येक वेळी लिहावं. काही मिळालं नाही तर तेही लिहावं. त्याच वहीत बागेतली वाळवी कधी उडाली, नाकतोडे कधी दिसले, हे टिपावं. ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२मध्ये पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. तेव्हापासून इथे काय हरवलं हे आज ताडून पाहता येतं ते अशा जुन्या याद्यांमुळे. रॉड नसला तरी ही वही आजच सुरू करता येते, आणि पुढे कुणी या नद्यांना पुन्हा जिवंत करायला निघालं तर तिथे काय असायला हवं हे त्याला तिच्यातून कळेल.