अल्झायमरसाठी औषधाचा पॅच: चाचणीत काय दिसले, घरी काय सांभाळायचे?

घरात कुणाला अल्झायमर झाला की औषध देणे हेच रोजचे मोठे काम होऊन बसते. गोळी घेतल्याचे रुग्णाला आठवत नाही, आणि घेतली तर मळमळते, जेवण जात नाही. अशा वेळी डॉक्टर रिवास्टिग्मिनचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी सुचवू शकतात.

पॅच काम कसे करतो?

अल्झायमरमध्ये स्मरणशक्तीसाठी लागणारे अॅसिटिलकोलिन हे रसायन मेंदूत कमी पडते. रिवास्टिग्मिन ते लवकर नष्ट होऊ देत नाही. कॅप्सूल घेतल्यावर रक्तातले औषधाचे प्रमाण झपाट्याने वर जाते आणि त्यामुळे मळमळ, उलटी होते. पॅचमधून तेच औषध 24 तास थोडे थोडे झिरपते.

चाचणी कशी झाली?

'आयडियल' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेले 1,195 रुग्ण होते आणि ती 24 आठवडे चालली. काहींना औषधाचा पॅच, काहींना औषधाची कॅप्सूल, तर काहींना नुसतेच दिसायला सारखे, औषध नसलेले उपचार दिले. कुणाला काय मिळते आहे हे रुग्णाला किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांना कळू नये म्हणून प्रत्येकाला पॅच आणि कॅप्सूल दोन्ही दिले जात. त्यातले खरे कोणते, हे गुप्त होते.

रोज 9.5 मिलिग्रॅम औषध देणारा पॅच कॅप्सूलइतकाच उपयोगी ठरला. मळमळीचा त्रास मात्र कॅप्सूल घेणाऱ्यांत सुमारे 23 टक्के, तर पॅच लावणाऱ्यांत सुमारे 7 टक्के जणांना झाला.

अपेक्षा किती ठेवावी?

स्मरणशक्तीच्या 70 गुणांच्या चाचणीत पॅच लावणारे आणि औषध न मिळालेले यांच्यातला फरक सरासरी दीड-दोन गुणांचाच होता. पॅचने आजार बरा होत नाही, थांबतही नाही. काही रुग्णांची रोजची कामे काही काळ थोडी बरी चालतात. 'वडील पुन्हा पूर्वीसारखे होतील' ही आशा बाळगून सुरुवात केली, तर निराशा पदरी येईल.

सर्वात धोकादायक चूक

जुना पॅच न काढता नवा लावणे ही ती चूक. पाठीवरचा जुना पॅच कपड्याखाली दिसत नाही आणि दुप्पट औषध शरीरात जाते. खूप उलट्या, घाम, नाडी मंद होणे किंवा चक्कर येऊन पडणे असे काही दिसले, तर सगळे पॅच काढा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा.

रोज लक्षात ठेवा

- आधी जुना काढा, मग नवा लावा. वेळ आणि जागा कॅलेंडरवर लिहा.
- पाठ, दंड किंवा छातीवरची स्वच्छ, कोरडी त्वचा निवडा. तीच जागा 14 दिवस पुन्हा वापरू नका.
- पॅच कापू नका. त्यावर शेक देऊ नका.
- तीन दिवसांहून जास्त खंड पडला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा लावू नका; डोस कमीपासून सुरू करावा लागतो.
- दमा, अल्सर किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधीच सांगा. दर महिन्याला वजन करा.

पॅच कोण बदलणार, हे घरात आजच ठरवा. ते काम एकाच व्यक्तीकडे असलेले बरे.