श्वानांमधील आंत्रकृमी

श्वानांमधील आंत्रकृमी म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहून त्याच्या रक्तावर किंवा अन्नरसावर जगणारे परजीवी कृमी होत. बोलीभाषेत त्यांना जंत म्हणतात. लहान पिल्लांना त्यांच्यापासून मोठा धोका असतो. काही कृमी माणसालाही बाधतात. त्यामुळे हा विषय सार्वजनिक आरोग्याशीही निगडित आहे.

प्रमुख प्रकार

गोलकृमी (टॉक्सोकारा कॅनिस) : हे पांढुरके, शेवयांसारखे दिसतात. गाभण कुत्रीच्या शरीरातील सुप्त अळ्या गर्भात शिरतात. म्हणून स्वच्छ जागेत जन्मलेले पिल्लूही बाधित असू शकते व सुमारे तीन आठवड्यांचे होताच त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात.

अंकुशकृमी (अँकायलोस्टोमा कॅनायनम) : हे आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतात. यांच्या अळ्या आईच्या दुधातून, तोंडावाटे किंवा त्वचेतून शिरतात.

चाबूककृमी (ट्रायक्युरिस व्हल्पिस) : हे मोठ्या आतड्यात राहतात. यांची अंडी मातीत काही वर्षे टिकतात.

फीतकृमी : डिपिलिडियम हा प्रकार बाधित पिसू गिळल्याने होतो. त्याचे तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे गुदद्वाराजवळ किंवा अंथरुणावर दिसतात. एकायनोकोकस हा फीतकृमी मात्र केवळ काही मिलिमीटर लांबीचा असून बाधित कुत्र्यात सहसा कोणतेही लक्षण दिसत नाही.

संशय आणि निदान

फुगलेले पोट, खुंटलेली वाढ, निस्तेज केस, उलटी, अतिसार व फिकट हिरड्या ही संशयाची लक्षणे होत. मात्र ती इतर आजारांतही आढळतात. पिल्लाला रक्ताचे जुलाब होत असतील, तर प्राणघातक पार्व्हो विषाणूचीही शक्यता असते. अशा वेळी केवळ जंतांचे औषध देऊन थांबणे जिवावर बेतू शकते.

विष्ठेत जंत दिसले नाहीत, एवढ्यावरून ते नाहीत असे ठरत नाही. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून पशुवैद्यकाकडे नेल्यास संपृक्त मिठाच्या द्रावणात अंडी तरंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतात. कोवळे कृमी अंडी घालत नसल्याने एकदा अंडी न सापडल्यास तपासणी पुन्हा करावी लागते.

उपचार

पायरँटेल व फेनबेंडाझोल ही औषधे प्रामुख्याने गोल व अंकुशकृमींवर, तर प्राझिक्वांटेल फीतकृमींवर वापरतात. मात्रा वजनानुसार ठरते. पिल्लांना साधारणतः दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याने औषध देतात. दूध सुटल्यावर सहा महिन्यांपर्यंत दरमहा व पुढे सहसा दर तीन महिन्यांनी देतात. डिपिलिडियम असल्यास पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो, अन्यथा बाधा पुन्हा होते. जनावरांसाठीचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणे कोली जातीच्या कुत्र्यांत घातक ठरू शकते. घरगुती उपाय म्हणून दिला जाणारा लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपायकारक आहे. गोड खाल्ल्याने जंत होतात, ही समजूतही निराधार आहे.

ग्रामीण परिसरातील महत्त्व

इंदापूर तालुक्यातील भवानीनगर हे श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे गाव आहे. बारामती-इंदापूर पट्ट्यात उसाची बागायत व धनगर समाजाचे मेंढपालन शेजारी शेजारी नांदतात. उबदार, ओलसर व सावलीची माती अंकुशकृमीच्या अळ्यांना पोषक असते. एकायनोकोकसचे जीवनचक्र कुत्रा आणि मेंढी यांच्यात फिरते. मेंढीच्या यकृतातील किंवा फुफ्फुसातील पाण्याने भरलेल्या गाठी कच्च्या खाल्ल्यास कुत्र्याला बाधा होते. त्या कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी पोटात गेल्यास माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात तशाच गाठी (हायडेटिड) वाढतात व कित्येकदा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून अशा गाठी कुत्र्यांपुढे टाकू नयेत. कुत्र्यांना उकरता येणार नाहीत इतक्या खोल पुराव्यात.

गोलकृमीची अंडी मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात गेल्यास अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही पोहोचतात आणि दृष्टी जाण्याचा धोका संभवतो. अंकुशकृमीच्या अळ्यांमुळे अनवाणी पायांवर खाजरे, नागमोडी वळ उठतात.

प्रतिबंध

गोलकृमीची अंडी विष्ठेतून पडताच संसर्गक्षम नसतात. त्यांना किमान दोन आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोज उचलून पुरणे हा साधा पण प्रभावी उपाय ठरतो. एकायनोकोकसची अंडी मात्र पडल्या क्षणापासून संसर्गक्षम असतात. तेथे कुत्र्याला हाताळल्यावर हात धुणे, भाज्या स्वच्छ करणे आणि कळपाबरोबरच्या कुत्र्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित प्राझिक्वांटेल देणे महत्त्वाचे असते.