कावनईचा किल्ला, तेजगावची धावपट्टी आणि बाबासाहेबांचा नकाशा

इगतपुरी तालुक्यात कावनई आणि त्रिंगलवाडी हे दोन किल्ले आहेत. सुट्टीच्या दिवशी मुंबईची पोरे वर चढतात, फोटो काढतात, खाली उतरून मिसळ खातात. १८१८ साली हे किल्ले इंग्रजांच्या हाती गेले, तेव्हा त्यांच्या तटावर लढाई झालीच नाही. लढाई झाली ती शेजारच्या त्र्यंबकगडावर. इंग्रजांच्या तोफांपुढे त्र्यंबक एप्रिलमध्ये काही दिवसांतच पडला आणि त्यापाठोपाठ या मुलखातील सतरा किल्ल्यांनी निमूटपणे दरवाजे उघडले. कावनई, त्रिंगलवाडी त्यांतलेच. तोफ एका ठिकाणी चालली, हात सतरा ठिकाणी वर झाले!

निर्णायक लढाई म्हणतात ती ही. किती मेले यावर ती ठरत नाही. दुसऱ्या बाजूच्या मनातला लढण्याचा विचार जिथे संपतो, तिथे ती ठरते.

भीमा कोरेगावबद्दल आम्हाला नेहमी ऐकवले जाते की, ती लढाई निर्णायक नव्हतीच. पुणे नोव्हेंबर १८१७ मध्येच पडले होते, आष्टीची लढाई फेब्रुवारीत झाली, दुसरा बाजीराव जून १८१८ मध्ये शरण गेला. मग १ जानेवारीचे एवढे काय? नुसता नकाशा पुढे ठेवला तर हे म्हणणे काही अंशी खरे आहे, ते नाकारण्याचे आम्हाला कारण नाही. पण आठशेच्या आसपास माणसांनी पेशव्याच्या प्रचंड फौजेपुढे दिवसभर गाव सोडले नाही आणि दुसऱ्या दिवशी ती फौज गाव न घेता निघून गेली, हेही त्याच नकाशावर आहे. आणि ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्यांची नावे दगडावर कोरली गेली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापुढे उभे राहिले, ते पेशवाईच्या पराभवाची तारीख तपासायला नव्हे. पुढे इंग्रजांनीच ‘लढवय्या जाती’चे थोतांड काढून महारांची भरती बंद केली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते.

तोफेने किल्ला निकामी केला. विमानाने शहराची वेस निकामी केली. १९७१ चे उदाहरण घ्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ढाक्याजवळील तेजगावची धावपट्टी आपल्या मिग-२१ विमानांनी फोडली आणि पूर्वेकडील पाकिस्तानी हवाई दल जमिनीवरच बसले. १४ डिसेंबरला गव्हर्नर हाऊसवर मिग आले, आणि गव्हर्नर मलिक यांनी तिथेच राजीनामा लिहिला. दोन दिवसांनी जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली. सुमारे ९३ हजार युद्धकैदी झाले. छत एका इमारतीचे फुटले, धीर साऱ्या सरकारचा सुटला. त्र्यंबक आणि कावनईचीच गोष्ट, फक्त आकाशातून.

मात्र विमानानेच युद्ध जिंकले, असे म्हणणाऱ्यांनी व्हिएतनामकडे पाहावे. अमेरिकेने तिथे बॉम्बचा पाऊस पाडला आणि तरीही १९७५ साली सायगाव गेले. ढाक्यात मुक्तिवाहिनी होती, लोक बाजूने होते, चिखल तुडवीत पुढे आलेले पायदळ होते. विमान शत्रूला रोखते. जमीन धरून ठेवतो तो पायदळाचा जवान, आणि तो कोणाच्या घरचा असतो हे आमच्या वाचकाला सांगायला नको.

आता बाबासाहेबांचा नकाशा. भाषावार राज्यांवरील त्यांच्या १९५५ च्या पुस्तकात त्यांनी हैदराबादला देशाची दुसरी राजधानी करावी असे सुचवले. उत्तर-दक्षिण तेढ हे एक कारण होते. दुसरे कारण संरक्षणाचे होते, आणि त्याची चर्चा आपल्या सभांतही फारशी होत नाही. दिल्ली शेजारी देशांच्या बॉम्बच्या टप्प्यात आहे, कलकत्ता तिबेटमधून टप्प्यात येते, मुंबई बंदर आहे आणि आपले नौदल दुबळे आहे, असा त्यांचा हिशेब होता. चीनशी मैत्री किती टिकेल, हे कोणी सांगू शकत नाही, असेही त्यांनी बजावले. ‘हिंदी-चिनी भाई-भाई’च्या काळात हे लिहायला धाडस लागते!

पुढे काय झाले? १९६२ च्या युद्धात आपली लढाऊ विमाने वापरलीच गेली नाहीत. कलकत्त्यावर बॉम्ब पडतील ही भीती त्यामागचे एक कारण मानले जाते. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री आग्र्याच्या विमानतळावर बॉम्ब पडले. आग्र्याहून दिल्ली किती लांब? २००८ मध्ये दहा दहशतवादी समुद्रातूनच मुंबईत उतरले. आज क्षेपणास्त्रे आणि ड्रोन आल्यावर हैदराबादही टप्प्याबाहेर राहिले नाही, हे खरे. पण ज्यांना घटनेचे शिल्पकार एवढेच बाबासाहेब ठाऊक आहेत, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात याच बाबासाहेबांनी विचारले होते की, ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर का जातात? संरक्षण हवे, पण मित्र गमावून वाढवलेला खर्च नको, असा त्यांचा रोख होता.

१९६२ च्या पराभवानंतर आमच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला मिगचा कारखाना आला. तेजगाववर गेलेल्या मिग-२१ प्रकारची विमाने तिथे तयार होत होती. ती विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाली. ऑक्टोबरमध्ये ओझरहून पहिले तेजस उडाले. कारखाना सरकारी, म्हणून तिथे आरक्षण लागू. पण आता लढाऊ सामग्रीचे काम खाजगी कंपन्यांकडे चालले आहे. वडोदऱ्यात २०२४ साली टाटा-एअरबसचा लष्करी मालवाहू विमानांचा कारखाना सुरू झाला. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. इगतपुरी-घोटीच्या वस्तीतला पोरगा आयटीआयचा फिटर ट्रेड पास करून सीमेवर बंदूक धरायला चालतो, मग विमानाचा पंख जोडायला त्याने कोणाच्या दारात उभे राहायचे?