अठ्ठ्याहत्तरचा हिशोब

गेल्या वर्षी लातूरच्या एका घरातून माझ्याकडे एक तबकडी आली. दहा इंची, लाखेची. ओल लागून लेबल झडून गेलेले. एका बाजूला नाट्यपदासारखे काहीतरी, साथीला पेटी आणि तबला. घरात दोन पिढ्यांपासून एक वाद आहे. हा आवाज बाईचा, की स्त्रीभूमिका करणाऱ्या एखाद्या नटाचा? संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषांनीच करण्याचा तो काळ असल्याने शंका रास्त होती. मी त्यांना एवढेच सांगितले की, ही तबकडी कोणत्या वेगाने मुद्रित झाली ते कळल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

त्यांना याचे नवल वाटले. 'अठ्ठ्याहत्तर' हा आकडा आपल्या तोंडी इतका बसला आहे की, जुनी तबकडी म्हणजे मिनिटाला 78 फेरे, असे आपण धरूनच चालतो. पण विद्युत ध्वनिमुद्रण 1925 मध्ये पाश्चात्य देशांत सुरू झाले आणि आपल्याकडे त्यानंतर आले. त्याआधी गायक भोंग्यासमोर तोंड करून गात असे आणि मुद्रणयंत्राचा वेग सत्तरीच्या आतबाहेरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठेही असे. पुढे 78 रूढ झाले तेही अगदी काटेकोर नव्हे. आपल्या 50 सायकलच्या विजेवर वेग तपासायच्या चकतीवर 77 रेघा असतात आणि त्यांचा नेमका वेग येतो 77.92. अमेरिकेत 60 सायकलवर 92 रेघा, म्हणजे 78.26.

वेग सहा टक्क्यांनी चुकला की सूर पेटीच्या एका पट्टीने सरकतो. 74 वर मुद्रित झालेली तबकडी 78 वर लावली, तर काळी एकचे गाणे जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येते. लय वाढते, आंदोलने घाईची होतात आणि आवाजाची जातही बदलते. कंठ लहान असल्यासारखा वाटतो. अमक्या गायकाची पट्टी अमुक होती, असे रेकॉर्डवरून छातीठोकपणे सांगणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. रेकॉर्ड कोणत्या वेगाने वाजवली, हे मात्र त्यांत क्वचितच असते.

माझे यंत्र नांदेडला इतवाऱ्यातल्या भंगारातून आणलेले आहे. चार वेगांचा जुना रेकॉर्ड प्लेअर, आयडलर पद्धतीचा. या पद्धतीत मोटारीच्या दांड्यावर पायऱ्यांची पुली असते. तिला एक रबरी चाक टेकते आणि ते चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून थाळी फिरवते. पट्टा नाही, त्यामुळे ताण सैल पडत नाही. लाखेच्या तबकडीवर सुई जड चालली तरी थाळी दबत नाही. उणीव अशी की, मोटारीची घरघर चाकामार्गे थेट थाळीत उतरते. शिवाय आधीच्या मालकाने खटका चालूवरच ठेवून यंत्र माळ्यावर टाकले होते. वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून रबराला खळगा पडलेला, आणि दर फेऱ्याला धप्प, धप्प.

रबर लेथवर घासून घ्यायचे ठरवले, तेव्हा चाक लहान होईल आणि वेग बदलेल अशी मला भीती होती. ती खोटी ठरली. मधले चाक केवळ निरोप्या आहे. पुलीच्या कडेचा वेग ते जसाच्या तसा थाळीच्या कडेला पोचवते. त्याचा स्वतःचा व्यास हिशोबात येतच नाही. ते गोल असले आणि दोन्हीकडे नीट टेकले की झाले. वेग ठरतो फक्त पुली आणि थाळी यांच्या व्यासांवर. माझ्या थाळीचा आतला व्यास 240 मिमी आणि भाराखाली मोटारीचे फेरे मिनिटाला सुमारे 1400. म्हणजे 78 साठी पुली 13.4 मिमी लागते, 76 साठी 13 आणि 80 साठी 13.7. दोन फेऱ्यांचा फरक म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा!

मूळ पुली काढून डबीत जपून ठेवली आणि मोटारपंपाचे शाफ्ट करणाऱ्या टर्नरकडे पितळेच्या साध्या पुल्या करायला दिल्या. पहिल्या दोन वाया गेल्या. भोक एका पकडीत आणि बाहेरचा घेर दुसऱ्या पकडीत कातल्याने केंद्र किंचित हलले होते आणि प्रत्येक लांब सूर कापत होता. तिसऱ्या वेळी भोक आणि घेर एकाच पकडीत कातून घेतले. बारीक फरकासाठी लेथची गरज नाही. पुलीवर साध्या सेलोटेपचा एक वेढा दिला की व्यास दशांश मिलिमीटरने वाढतो आणि वेग अर्ध्या फेऱ्याहून जरा जास्त. म्हणून पुली नेहमी थोडी बारीकच करून घ्यावी.

सुईचे थोडक्यात सांगतो. एलपीची सुई लाखेच्या रुंद खाचेत तळाशी जाऊन धुळीत लोळते. 78 साठी जवळपास चौपट जाड टोकाची सुई हवी. जुन्या प्लेअरमध्ये खटका फिरवून सुई उलटी करायची सोय असते, ती याचसाठी. स्टिरिओ कार्ट्रिज असेल तर दोन्ही वाहिन्या जोडून टाकाव्यात, खरखर बरीच कमी होते. आणि लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, लाख विरघळते. मी हे एक तबकडी गमावून शिकलो आहे.

वेग मोजायला मी 75 पासून 81 रेघांपर्यंतच्या चकत्या स्वतः छापून घेतल्या. 6000 भागिले रेघा, की वेग मिळतो. एलईडीच्या उजेडात त्या बहुधा काम करत नाहीत, झिरोचा बल्ब लावावा लागतो. आमच्याकडे शेतीपंपांची लाईन सुरू झाली की व्होल्टेज पडते आणि रेघा मागे सरकू लागतात. म्हणून मुद्रण स्टॅबिलायझर लावून, मध्यरात्रीनंतर.

आता ती लातूरची तबकडी. 78 वर तिच्यातली पेटी माझ्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बोलत होती. तेव्हाची पेटी आजच्या मापाचीच असेल असे नाही, पण तसे धरले तर वेग कुठेतरी चुकतो आहे. 79 रेघांच्या चकतीवर, म्हणजे 76 च्या किंचित खाली, पेटी खालच्या पट्टीवर येऊन बसली. 75 रेघांवर, म्हणजे नेमक्या 80 वर, ती वरच्या पट्टीवर बसली. पेटीने दोन उत्तरे दिली आणि दोन्ही त्या काळाला शोभणारी. 80 वर आवाज स्वच्छ बाईचा वाटतो. 76 वर तो पुरुषाचा, तरुण, जरा नाकात गाणारा. शब्दांचे उच्चार आणि तबल्याची धुमारी ऐकता माझा कौल 76 ला आहे, पण हा कानाचा कौल आहे, पुरावा नव्हे. त्या काळच्या कित्येक तबकड्यांवर शेवटी कलावंत स्वतःचे नाव उच्चारतो. हिच्यावर ते नाही.

दोन्ही वेगांच्या प्रती करून, प्रत्येकीच्या नावातच वेग लिहून, मी तबकडीसह लातूरला पोचत्या केल्या. घरच्यांनी दोन्ही ऐकल्या. त्यांना 80 चीच आवडते.